विहिरीतला युरिया

माती आणताना माणसं खोटं बोलतात. मुद्दाम नाही. आम्ही सांगायचो, रानात नागमोडी चाला, दहा-बारा जागी वीतभर खोल खड्डा घ्या, कडेची माती खरवडून घमेल्यात टाका. मग मिसळून चार वाटे करा, समोरासमोरचे दोन फेकून द्या, पुन्हा मिसळा. असं करत अर्धा किलो उरली की कोऱ्या पिशवीत भरा. बांधावरची नको, झाडाखालची नको, शेणखताचा ढीग जिथं होता तिथली तर मुळीच नको. माणूस "व्हय, व्हय" करत मान हलवायचा आणि नेमकी बाभळीखालची माती घेऊन यायचा, कारण तिथं सावलीला बसून त्यानं भाकरी खाल्लेली असायची.

वडगाव रासाईच्या एका आबांच्या मातीत एकदा इतका नायट्रोजन निघाला, की मी तीन वेळा तपासणी केली. शेवटी त्यांना बोलावून घेतलं.

"आबा, माती कशात आणली होती?"

"पिशवीत."

"कसली पिशवी?"

"युरियाची. पर धुतली व्हती की."

"कुठं धुतली?"

"त्याच रानातल्या पाटात. दुसरीकडं कुठं धुणार?"

एका सहकारी कारखान्याच्या माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी गेली. कारखान्याचं नाव लिहीत नाही. आडनाव तांबोळी, पण आमच्या घरात पान कुणी विकलं नाही. अब्बा दौंडच्या यार्डात पॉइंट्समन. घराण्यात पहिली पदवी माझी, रसायनशास्त्राची, रोज शटलनं पुण्याला जाऊन मिळवलेली. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. शिरूर आणि दौंड तालुक्यांतले बागायतदार, ज्यांच्या ओट्यावर अब्बा कधी बसले नसते, ते माझ्या टेबलासमोर टोपी हातात धरून विचारायचे, "मॅडम, काय म्हणतीय आमची माती?"

माती काही म्हणत नसते, तिला बोलतं करावं लागतं. चंबूत माती घ्यायची, जांभळं परमँगनेट आणि अल्कली ओतायची, तापवायचं. मातीतला पिकाला मिळण्याजोगा नायट्रोजन अमोनिया होऊन वाफेबरोबर निघतो. तो दुसऱ्या चंबूतल्या गुलाबी द्रावणात धरला की द्रावण हिरवं होतं. मग वरच्या ब्युरेटमधून थेंब थेंब आम्ल सोडायचं. पुन्हा गुलाबी झालं की थांबायचं. किती थेंब लागले त्यावरून किती नायट्रोजन ते कळतं. एक थेंब जास्त पडला तर सगळं पुन्हा. दिवसाला तीस-तीस नमुने व्हायचे. नाकात अमोनिया बसलेला असायचा. घरी आलं की आई म्हणायची, ही पोरगी गोठ्यात काम करते की कारखान्यात?

अब्बांना एकदा समजावून सांगायची वेळ आली. ते म्हणाले, हा नायट्रोजन दिसतो का? म्हटलं, नाही. वास? नाही. मग सरकार पगार कशाचा देतं? मी म्हटलं, पहिली गोष्ट, सरकार नाही, कारखाना देतो. दुसरी गोष्ट, आपण श्वासात घेतो त्या हवेचा पाऊण हिस्स्याहून जास्त भाग तोच आहे.

त्यांना कळेल असं म्हणून मी यार्डच मांडलं. हवेतला नायट्रोजन म्हणजे सायडिंगला उभी असलेली दोन डब्यांची गाडी. कपलिंग इतकं घट्ट की सुटता सुटत नाही. पीक उपाशी उभं आहे, भोवती नायट्रोजनच नायट्रोजन, पण त्याचा उपयोग नाही. वीज कडाडली तर थोडं कपलिंग तुटतं. हरभरा, मूग, भुईमूग यांच्या मुळांवर गाठी असतात, त्यांत जिवाणू बसलेले असतात, ते गुपचूप तोडतात. आणि खताच्या कारखान्यात प्रचंड दाब आणि उष्णता लावून माणूस तोडतो, त्याचा युरिया होतो. एकदा का डबे सुटले, की मग ते पळत सुटतात. युरियाचा अमोनिया होतो, उघड्यावर पडला तर उडून जातो. मातीतले दुसरे जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात, ते मुळं पितात. पिऊन उरलं ते मातीला धरून बसत नाही. पाण्याबरोबर खाली जातं. विहिरीत, ओढ्यात, भीमेत. नदीत जलपर्णी माजते ती काय फुकटची माजते? आणि जिथं पाणी साचून हवा कोंडते, तिथं आणखी वेगळे जिवाणू ते डबे पुन्हा जोडून गाडी हवेत सोडून देतात.

अब्बांनी सगळं शांतपणे ऐकलं. मनमाडकडून आलेल्या गाडीचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावण्यात त्यांचा जन्म गेलेला. म्हणाले, "डब्बे वही, बस मुँह फिर गया. समझा. लेकिन ड्यूटी किसकी है इसपे?"

मी हसले होते.

तीनएक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या निवृत्तीला दोनेक वर्षं उरली होती आणि तेव्हाच आमच्याकडे नवं यंत्र आलं. नवं यंत्र आलं की माणसाला दिसेल ते मोजावंसं वाटतं. ओलिताचं पाणी आम्ही तपासायचो ते क्षारांसाठी. सामू किती, क्षारता किती, क्लोराइड किती, क्षारांनी जमीन घट्ट, चोपण होईल का. नायट्रेट बघायची पद्धतच नव्हती. कशाला बघायचं? उसाला नायट्रेट म्हणजे मेजवानी. पण मला हौस, मी आलेल्या प्रत्येक बाटलीतलं नायट्रेट मोजायला लागले.

दिनकरआप्पांची बाटली त्यातलीच. आप्पांची वस्ती भीमेकाठी आहे. गाव सांगत नाही, त्यांना अजून एक नात उजवायची आहे. विहिरीच्या वरच्या अंगाला ऊस, खालच्या अंगाला गोठा आणि शेणाचा उकिरडा. पाण्यात नायट्रेट भरपूर निघालं. मी मनातल्या मनात एकरी हिशेब केला आणि खूश झाले. आप्पांना म्हटलं, "आप्पा, तुमच्या विहिरीतच युरिया आहे. यंदा एकरी चार गोण्या कमी टाका. काही फरक पडणार नाही."

आप्पा हरखले. "म्हंजी पाण्यातच ताकद हाय म्हणा की!"

"आहे तर."

पुढच्या हंगामात ते पेढे घेऊन आले. चार गोण्या कमी टाकूनही ऊस तसाच आला होता. गावभर सांगत सुटले होते, तांबोळी मॅडमनी आमच्या विहिरीत टॉनिक शोधलं. मी तो किस्सा शेतकरी मेळाव्यातही सांगितला. टाळ्या पडल्या. खोटं कशाला सांगू, मला त्या आवडल्या.

त्यानंतर आप्पा पुन्हा मातीचा नमुना घेऊन आले. सकाळचे अकरा वाजले असतील. मी ब्युरेटवर होते. ते स्टुलावर बसले आणि नेहमीसारखे बोलत राहिले नाहीत.

"काय आप्पा, गप्प?"

"मनीषा, आमची लेक, आलीय ना बाळंतपणाला. नात झाली. अडीच महिन्यांची हाय, ओवी नाव ठिवलंय. पर लेकराला बरं न्हाई."

"काय होतंय?"

"व्हट निळे पडत्यात. नखं बी. डॉक्टर म्हणले हृदयाला छिद्र आसंल. पुण्याला नेलं, फोटो काढला, छिद्र न्हाई. बोटाला चिमटा लावत्यात बघा, त्यातला आकडाच वर येईना. आक्शिजन लावला तरी. परत घिऊन आलो, सोमवारी पुन्यांदा बोलावलंय. रगत काढलं तर कसं, चॉकलेटच्या गोळीवानी."

माझ्या हातातून आम्ल सुटलं. चंबू गुलाबी होऊन गेला, मला कळलंच नाही.

"दूध आईचं पाजतात?"

"न्हाई येत तिला. डब्याचं."

"कोणत्या पाण्यात कालवतात?"

"आपल्याच." आणि मग माझं तोंड बघून, जणू मला बरं वाटावं म्हणून, ते म्हणाले, "आधी फिल्टरचा जार आणायचो. म्हटलं कशाला? मॅडमनी सांगितलंय, आपल्या पाण्यात ताकद हाय. लेकराला लागंल."

मी बर्नर बंद केला की नाही, आजही आठवत नाही. आप्पांच्या मोटरसायकलवर मागं बसले. एवढं आठवतं की वाटेत कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॉलीमागं आम्ही अडकलो होतो आणि मी त्यांच्या पाठीवर बुक्की मारत होते, "काढा आप्पा, डावीकडनं काढा." ते म्हणत होते, "आवो मॅडम, झालंय काय पर?" ते कसं सांगायचं, तेच मला सुचत नव्हतं.

रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं, त्यालाच हे नायट्रेट पोटात नायट्राइट होऊन निकामी करतं. मोठ्या माणसाचं शरीर ते दुरुस्त करून घेतं. तान्ह्या बाळाला तेवढी ताकद नसते. बाळ श्वास घेत असतं, ऑक्सिजन आत जात असतो, पण तो वाहून न्यायला कुणी नसतं. हे मी कॉलेजात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला पंचेचाळीस मिलिग्रॅमच्या वर नको, हे तर पाठ होतं. आप्पांचं पाणी त्याच्या तिपटीहून वर होतं. तो आकडा मी माझ्या हातानं लिहिला होता आणि त्याच्यापुढं लिहिलं होतं, युरिया कमी करावा.

वस्तीवर पोचलो तर मनीषा गॅसपाशी उभी होती. स्टीलच्या पातेल्यात पाणी उकळत होतं. बाळ कोपऱ्यात झोळीत. मी आधी झोळीत बघितलं. ओठ राखेच्या रंगाचे. रडत नव्हतं. न रडणारं बाळ फार वाईट दिसतं.

"हे पाणी किती वेळ उकळतेस?"

"अर्धं आटंस्तोवर," मनीषा म्हणाली. "डॉक्टर म्हणले चांगलं उकळून द्या. तिला बरं न्हाई तवापासून मी जास्तच उकळती."

"मनीषा, जंतू उकळल्यानं मरतात. यात जे आहे ते जंतू नाहीत. मिठाचं पाणी आटवलं तर मीठ उडून जातं का?"

ती बारावी शिकलेली. क्षणभर माझ्याकडं, मग पातेल्याकडं बघत राहिली.

"म्हंजी मी घट्ट करत व्हते," ती म्हणाली.

तिनं पातेलं उचलून मोरीत ओतलं. हाताला चटका बसला तरी सोडलं नाही.

शेजारच्यांची गाडी मिळाली. मी पुढं, आप्पा आणि मनीषा मागं, बाळ तिच्या मांडीवर. रस्त्यात तिनं विचारलं, "मॅडम, पाण्यात हे हाय, हे तुमाला कवा कळलं?"

मी म्हटलं, "आधी पोचू. मग बोलू."

एवढंच बोलले. दौंड येईपर्यंत मी आरशात बघायचं टाळलं.

दौंडचे बालरोगतज्ज्ञ तरुण होते. मला भीती होती, मातीवाली बाई डॉक्टरला काय शिकवते म्हणून झिडकारतील. त्यांनी झिडकारलं नाही. माझा आकडा ऐकला आणि उठलेच. बाळाच्या रक्ताचा थेंब पांढऱ्या कागदावर घेतला, शेजारी नर्सच्या बोटाचा घेतला. नर्सचा लाल. ओवीचा तपकिरी, आणि हवा लागली तरी तपकिरीच. डॉक्टर म्हणाले, "हे मी पुस्तकातच बघितलं होतं." मी म्हटलं, "मीही." त्यांनी पुण्याला फोन लावला, ॲम्ब्युलन्समध्ये स्वतः बसले.

त्यावरचं औषध निळं असतं. मिथिलीन ब्लू. आमच्या कपाटात त्याची बाटली असायची, रंग बघण्यासाठी वापरतो तीच निळी. अर्थात बाळाला द्यायची वेगळी, शुद्ध. पुण्यात ते शिरेतून सोडल्यावर तासाभरात ओवीचे ओठ उजळायला लागले. आधी मला खरं वाटेना. चंबूतला गुलाबी रंग हजारो वेळा बघितलेली बाई मी. तिथं काचेबाहेर उभी राहून मी तो रंग बघत होते. मग ती रडली. वॉर्डभर ऐकू जाईल असं रडली.

आप्पांनी माझे पाय धरायला हात पुढं केला. मी मागं सरकले. त्यांना वाटलं, वयानं मोठ्या माणसानं वाकू नये म्हणून मागं सरकले.

ओवीच्या जावळाला आप्पांनी मांडव घातला. मला बोलावणं, कारखान्यातल्या साहेबांना बोलावणं. जेवणाआधी माइकवर नाव पुकारलं, "आपल्या ओवीला जीवदान देणाऱ्या तांबोळी मॅडम यांचा शाल, श्रीफळ देऊन सत्कार." आप्पांनी शाल खांद्यावर घातली. नारळ हातात दिला. टाळ्या. मेळाव्यात पडल्या होत्या तशाच.

मी म्हटलं, दोन शब्द बोलते.

म्हटलं, "या विहिरीच्या पाण्यात काय आहे ते मला दीड वर्ष आधी माहीत होतं. मी मोजलं होतं. आप्पांना मीच सांगितलं, पाण्यात ताकद आहे. फिल्टरचं पाणी माझ्या शब्दावर बंद झालं. मी फक्त ऊस बघितला. घरात हे पाणी कोण पितं, हे विचारलं नाही. विचारायला एक मिनिट लागलं असतं."

मागं पत्रावळ्या मांडणारे थांबले. आप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"मॅडम, तुमी आकडा खोटा सांगितला व्हता का?"

"नाही."

"मग आमीच येडे. आमी इचारायला पायजे व्हतं."

"तुम्ही कशाला विचारायचं आप्पा? शिकलेली मी होते."

साहेबांनी मला नंतर बाजूला घेऊन सुनावलं, "हे जाहीर बोलायची काय गरज होती? कारखान्याचं नाव जातं." मनीषा पहिल्या रांगेत बसली होती, ओवी मांडीवर. माझं बोलणं संपल्यावर ती उठली आणि लेकराला घेऊन आत गेली. घाईनं नाही. मी जेवून निघाले तरी बाहेर आली नाही. पुढं ती सासरी गेली. आप्पांचा दिवाळीला फोन येतो, ओवी आता पळते म्हणतात. मनीषा फोनवर येत नाही, आणि मी मागतही नाही.

वस्तीवरच्या आठही घरांनी आता जार लावला आहे. विहीर उसाला चालू आहे, आणि ऊस जोरात आहे.

पण माझं काय झालं ते सांगते. नायट्रेट मी आप्पांच्याच बाटलीत मोजलं नव्हतं. हौसेच्या त्या दिवसांत आलेल्या सगळ्याच बाटल्यांत मोजलं होतं. निवृत्त व्हायच्या आठवड्यात मी वही काढून बघितली तर पानंच्या पानं "युरिया कमी करावा". शिरूरकडच्या विहिरी, दौंडकडच्या विहिरी. काही जणांना फोन केले. अर्धे नंबर बदललेले. ज्यांना लागले ते म्हणाले, "व्हय मॅडम, कमीच टाकतो आता, लई फरक पडला." मी विचारायची, पाणी पिता का? ते हसायचे, हे काय विचारणं झालं?

कारखान्यानं पत्र पाठवायचं ठरवलं. पत्र कुठं पोचतं? विजेच्या बिलाबरोबर खुंटीला अडकतं. मग मी घरातून निघायला लागले. पाटसपर्यंत एसटी, पुढं जी मिळेल ती गाडी, नाहीतर पायी. घरी नवरा म्हणतो, निवृत्त झालीस, बस की जरा. बसते. चहा पिऊन होतो तोवर उठते. वहीतलं एक नाव खोडलं की पुढचं टोचतं. निम्मी नावं झाली आहेत, निम्मी राहिली आहेत. एका वस्तीवर कुत्रं मागं लागलं. एका ठिकाणी विचारलं, बाई, कुठल्या पक्षाच्या? एका घरात म्हातारा एकटाच, म्हणाला, "पितो की हे पाणी. ऐंशीचा झालो, आता काय निळा पडणार?" त्याला म्हटलं, तुम्ही प्या, खुशाल प्या.

गेल्या आठवड्यात भीमेकाठच्याच एका वस्तीवर गेले. उन्हाचं चालून आलेलं बघून घरातली बाई लगबगीनं तांब्या-फुलपात्र घेऊन आली. "प्या ताई. आमच्या विहिरीचं हाय. गोड लागतंय, पाहुणं हेच मागत्यात."

मी प्याले. खरंच गोड होतं. मग विचारलं, "घरात कोण कोण असतं?"

"आमी दोघं, थोरला, धाकटा, सून."

"लहान मूल?"

तिनं आत बघितलं आणि पदर सावरत हसली. "न्हाई अजून. सातवा चालू हाय सुनंला."

मी पिशवी खाली ठेवली आणि ओट्यावर मांडी घालून बसले.

"तिला बाहेर बोलवा," मी म्हटलं. "आणि मालकांनाही. जरा वेळ लागेल. मी सगळं पहिल्यापासून सांगते."